लग्न न झालेल्या जोडीदाराला कंपनीच्या हेल्थ इन्शुरन्सवर घेणं: अमेरिकेतले अनुभव आणि हिशेब

मधलीसुट्टी

बरीच वर्षं वाचनमात्र होते, पहिलाच धागा काढतेय. सांभाळून घ्या.

मी सिॲटलला एका मध्यम आकाराच्या कंपनीत आहे. मी आणि माझा जोडीदार बरीच वर्षं एकत्र राहतोय. घरभाडं, किराणा, गाडीचा हप्ता सगळं सामायिक. लग्न केलेलं नाही आणि एवढ्यात करणारही नाही. आता त्याच्या कंपनीत ले-ऑफ झाले आणि त्यात त्याचा नंबर लागला. महिनाअखेरीस त्याचा इन्शुरन्स बंद होतोय. कोब्राचं पत्र आलंय (नोकरी गेल्यावर जुनाच इन्शुरन्स स्वतःच्या पैशाने चालू ठेवायची सोय), त्यातला आकडा बघून पोटात गोळा आला.

आमच्या एचआर पोर्टलवर डिपेंडंटच्या यादीत स्पाउस, चाइल्ड आणि त्याखाली डोमेस्टिक पार्टनर असा पर्याय दिसतो. तो निवडला की पिवळ्या चौकटीत सूचना येते की या कव्हरेजवर इम्प्युटेड इन्कम लागू होईल. एचआरला फोन केला तर म्हणाले, 'टॅक्स ॲडव्हायझरला विचारा.' म्हणजे कुणालाच काही सांगायचं नाही.

नवऱ्याला किंवा बायकोला घेतलं असतं त्यापेक्षा हे नेमकं कितीने महाग पडतं? कागदपत्रं काय मागतात? कुठे फसायला होतं? ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया लिहा.

'लग्न का करत नाही' हा या धाग्याचा विषय नाही, ही आगाऊ विनंती.

उपटसुंभ

लग्न का करत नाही?

(विनंती वाचली हो. हात शिवशिवत होते.)

पण खरंच सांगतो, काउंटीतून लायसन्स काढा, वॉशिंग्टनमध्ये तीन दिवसांचा वेटिंग पिरियड असतो तेवढा थांबा, दोन साक्षीदार आणि लग्न लावणारा एक अधिकृत माणूस गाठा, विषय संपला. धागाच काढायला नको.

अर्धाचहा

मी बेनिफिट्सच्या कामात आहे, त्यामुळे रोज हेच बघते.

ताई, बाकी सगळं नंतर वाचा, आधी तारीख बघा. त्याचं कव्हरेज ज्या दिवशी संपतं तिथून साधारण ३० दिवसांत तुम्हाला त्याला तुमच्या प्लॅनवर घालायचा अर्ज करावा लागतो. ही मुदत चुकली की थेट पुढच्या ओपन एनरोलमेंटपर्यंत (वर्षातून एकदा प्लॅन निवडायची मुदत) दार बंद. ३० दिवस म्हणजे कॅलेंडरचे, कामाचे नव्हेत. शेवटच्या दिवशी पोर्टल बंद पडलं, जुन्या कंपनीकडून पत्र उशिरा आलं, या सबबी आमच्याकडे रोज येतात आणि बहुतेक वेळा काही उपयोग होत नाही. त्याच्या जुन्या कंपनीकडून 'कव्हरेज अमुक तारखेला संपलं' असं लेखी पत्र आजच मागून ठेवा.

कोब्राच्या पत्राला लगेच उत्तर द्यायची गरज नसते. निवड करायला ६० दिवस असतात, आणि ६० दिवसांच्या आत निवडलं तर ते कव्हरेज संपल्या दिवसापासून लागू होतं. अर्थात मधल्या काळाचा हप्ताही भरावा लागतो. पण मध्ये काही दुखलं-खुपलं तर तो मार्ग उघडा असतो. कोब्राचा आकडा मोठा दिसतो कारण कंपनीचा वाटा संपलेला असतो; पूर्ण हप्ता अधिक २ टक्के प्रशासकीय खर्च, असा १०२ टक्क्यांपर्यंत ते लावू शकतात. आणि एकदा कोब्रा घेऊन मध्येच सोडलं तर तेवढ्या कारणावरून दुसऱ्या प्लॅनमध्ये शिरता येत नाही. म्हणून घाई नको.

आता हक्काचं. ॲफोर्डेबल केअर ॲक्टप्रमाणे मोठ्या कंपनीने, म्हणजे ५० किंवा जास्त पूर्णवेळ कर्मचारी असलेल्या, कर्मचाऱ्याला आणि त्याच्या २६ वर्षांखालच्या मुलांना कव्हरेज देऊ करायचं असतं, नाहीतर दंड. त्यात नवरा-बायकोसुद्धा येत नाहीत, मग पार्टनर कुठला. म्हणजे जे मिळतं ते कंपनीने प्लॅनच्या कागदात लिहिलंय म्हणून. तो कागद म्हणजे समरी प्लॅन डिस्क्रिप्शन. एचआरकडे मागा, द्यावाच लागतो. त्यात 'डोमेस्टिक पार्टनर' कोणाला म्हणायचं याची व्याख्या असते. व्याख्या कंपनीगणिक बदलते, शेजारणीच्या कंपनीत जे चाललं ते तुमच्याकडे चालेलच असं नाही.

साधारण ॲफिडेव्हिटमध्ये दोघांनी सही करून सांगायचं असतं की आम्ही दोघं सज्ञान आहोत, एका छताखाली इतके महिने राहतोय (बहुतेक ठिकाणी ६ किंवा १२), रक्ताचं नातं नाही, दुसऱ्या कुणाशी लग्न झालेलं नाही आणि एकमेकांच्या खर्चाला बांधील आहोत. पुरावा म्हणून दोघांच्या नावाचं लीज, जॉइंट खातं, गाडीचं टायटल, लाइफ इन्शुरन्सचं नॉमिनेशन, यातलं दोन-तीन. काही कंपन्या नोटरी मागतात.

'दुसऱ्या कुणाशी लग्न झालेलं नाही' ही ओळ लोक भराभर सही करून टाकतात. घटस्फोट 'चालू आहे' म्हणजे झालेला नाही. अंतिम निकालाचा कागद हातात नसेल तर सही करू नका. खोटं निघालं तर कव्हरेज मागच्या तारखेपासून रद्द होऊ शकतं आणि भरलेल्या बिलांची वसुलीही लागू शकते.

खतावणी

टॅक्सचं मी लिहितो. मी सीपीए आहे, पण हा सल्ला नव्हे वगैरे वगैरे.

आयआरएसच्या, म्हणजे फेडरल कर खात्याच्या, लेखी डोमेस्टिक पार्टनर हा स्पाउस नाही. राज्यात रजिस्टर केलं असलं तरी नाही. त्यामुळे तुमच्या नवऱ्यासाठी कंपनी जो हप्ता भरते तो करमुक्त, आणि पार्टनरसाठी भरते तो तुमचा पगार. पैसे हातात पडत नाहीत, पण पगार म्हणून मोजले जातात. यालाच इम्प्युटेड इन्कम म्हणतात. शिवाय पार्टनरसाठी तुम्ही स्वतः जो हप्ता भरता तोही प्री-टॅक्स कापता येत नाही, कर भरून उरलेल्या पैशातून जातो.

आकडे धरून बघू. हे उदाहरणापुरते, तुमचे वेगळे असतील. समजा पार्टनरच्या कव्हरेजची किंमत महिना ६०० डॉलर. त्यातले २०० तुमच्या पगारातून, ४०० कंपनीचे.

कंपनीचे ४०० गुणिले १२ म्हणजे ४,८०० डॉलर तुमच्या उत्पन्नात मिळवले जातील. तुम्ही २४ टक्क्यांच्या फेडरल ब्रॅकेटमध्ये असाल, तर त्यावर २४ टक्के अधिक सोशल सिक्युरिटी-मेडिकेअरचे ७.६५ टक्के, एकूण ३१.६५. झाले १,५१९ डॉलर आणि वर काही सेंट. तुमचे स्वतःचे २,४०० डॉलर नवऱ्यासाठी असते तर करातून सुटले असते. ती साधारण ७६० डॉलरची सवलत इथे गेली. म्हणजे तेच कव्हरेज, तोच डॉक्टर, तीच गोळी, आणि नवरा-बायकोपेक्षा वर्षाला जवळपास २,२८० डॉलर जास्त. वॉशिंग्टनमध्ये पगारावर राज्याचा इन्कम टॅक्स नाही म्हणून एवढ्यावर सुटलात. पगार सोशल सिक्युरिटीच्या मर्यादेच्या वर असेल तर ६.२ टक्क्यांचा भाग लागत नाही, आकडा थोडा खाली येतो.

तरी या उदाहरणात तुमच्या खिशातून एकूण जातात ३,९१९. तेवढ्याच किमतीचा, महिना ६०० चा प्लॅन पूर्ण पैसे भरून घेतला तर ७,२००. कर लागूनही कंपनीचा प्लॅन स्वस्तच पडतो बहुतेक वेळा. 'कर लागणार' हे ऐकून लोक घाबरून सोडून देतात, ते करू नका.

पगाराच्या स्लिपवर काय दिसेल ते सांगून ठेवतो, कारण पहिल्या महिन्यात सगळे दचकतात. वरच्या बाजूला कमाईत एक नवी ओळ येते, 'इम्प्युटेड डीपी' किंवा तत्सम, समजा १८४.६२ (दर दोन आठवड्यांचा पगार असेल तर ४,८०० भागिले २६). वाटतं पगार वाढला. मग खाली त्याच आकड्याची वजाबाकी दिसते, कारण पैसे खरे दिलेलेच नाहीत, आणि मधल्या सगळ्या करांच्या ओळी थोड्या थोड्या फुगलेल्या. निव्वळ पगार कमी. वर्षाअखेर डब्ल्यू-२ या पगाराच्या करदाखल्यात १, ३ आणि ५ या तिन्ही चौकटींत ती रक्कम मिसळलेली असते, वेगळी शोधायला जाऊ नका.

यातून सुटायची एक वाट आहे. जोडीदार तुमचा टॅक्स डिपेंडंट ठरला तर इम्प्युटेड इन्कम लागत नाही. अटी: पूर्ण कॅलेंडर वर्ष तुमच्याच घरात राहिलेला असावा, त्याच्या निम्म्याहून अधिक खर्च तुम्ही उचललेला असावा, आणि नागरिकत्व किंवा रहिवासाची अट पूर्ण व्हावी. गंमत अशी की रिटर्नवर डिपेंडंट दाखवायला त्याच्या उत्पन्नाची जी छोटी मर्यादा असते ती हेल्थ प्लॅनच्या या नियमाला लागत नाही. म्हणजे रिटर्नवर तो डिपेंडंट नसेल, तरी इन्शुरन्सपुरता असू शकतो. हे अनेक एचआरवाल्यांनाही ठाऊक नसतं. फॉर्मवर 'माझा पार्टनर टॅक्स डिपेंडंट आहे' अशी चौकट असते, दरवर्षी नव्याने टिक करावी लागते.

धागाकर्तीच्या बाबतीत यावर्षी कठीण दिसतं. तो आत्तापर्यंत कमावत होता, स्वतःचा खर्च स्वतः करत होता, आणि आता साठवणीतले पैसे स्वतःवर खर्च केले तर तेही 'त्याने केलेला खर्च' धरतात. पुढचं पूर्ण वर्ष तो घरी असेल आणि घर तुम्ही चालवाल, तर पुढच्या वर्षी विचार करा.

कैरीचंलोणचं

+१ खतावणी. आमच्या एचआरने डिपेंडंटची चौकट फॉर्मच्या तिसऱ्या पानावर, बारीक टाइपात ठेवलीय. मुद्दाम ठेवल्यासारखी.

मधलीसुट्टी

बाप रे, किती नीट लिहिलंय. धन्यवाद दोघांनाही. पत्र मागवलं. घटस्फोटाचा प्रश्न नाही, दोघंही कधीच लग्नाचे नव्हतो. लीजवर दोघांची नावं आहेत, जॉइंट खातं आहे पण त्यात फक्त घरभाडं जातं. चालेल ना?

अर्धाचहा

चालायला हवं. किती पैसे आहेत ते बघत नाहीत, नावं आणि तारखा बघतात. स्टेटमेंट जुनं काढा, मागच्या वर्षीचं. कालपरवा उघडलेलं खातं दिसलं की लगेच प्रश्न येतात.

उपटसुंभ

२,२८० डॉलर दरसाल! आणि लग्नाच्या लायसन्सला किती पडतात? मी गप्प बसतो.

टेकडीवरचा

बसा जरा, आणि एक जुनी गोष्ट ऐका.

ही सोय लग्न टाळणाऱ्यांसाठी आलेलीच नाही. लग्न करायची मुभा नव्हती त्या समलिंगी जोड्यांसाठी आली. न्यूयॉर्कच्या 'व्हिलेज व्हॉइस' साप्ताहिकाने १९८२ साली कर्मचाऱ्यांच्या जोडीदारांना बेनिफिट्स द्यायला सुरुवात केली, १९८४ मध्ये बर्कली शहराने. १९९६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोने वटहुकूम काढला की ज्या कंपन्यांना शहराची कंत्राटं हवीत त्यांनी लग्नाच्या आणि बिनलग्नाच्या जोडीदारांना सारखं वागवायचं. मोठ्या कंपन्या त्यानंतर हलल्या. कळवळ्यापेक्षा कंत्राटाने जास्त काम केलं असं माझं मत.

माझ्या नवऱ्याला मी माझ्या प्लॅनवर घेतलं तेव्हा तो कायद्याने माझा कुणीच नव्हता. इम्प्युटेड इन्कमची ती ओळ मी वर्षानुवर्षं स्लिपवर पाहिलीय. शेजारच्या डेस्कवरचा माणूस बायकोसाठी तोच प्लॅन घ्यायचा आणि त्याला ती ओळ नव्हती. २०१० मध्ये गूगलने हा जादा कर कर्मचाऱ्यांना भरून द्यायला सुरुवात केली, मग आणखी काही कंपन्यांनी. त्याला ग्रॉस-अप म्हणतात. मधलीसुट्टी, तुमच्या कंपनीत ग्रॉस-अप आहे का ते जरूर विचारा. आता दुर्मीळ आहे, पण विचारायला काय जातं.

मग २६ जून २०१३ ला सुप्रीम कोर्टाचा विंडसर निकाल आला, फेडरल सरकारला आमची लग्नं मान्य करावी लागली. बरोबर दोन वर्षांनी, २६ जून २०१५ ला ओबर्गफेल, आणि सगळ्या राज्यांत लग्न खुलं झालं. त्या संध्याकाळी आम्ही नाचलो. पुढच्या ओपन एनरोलमेंटला एचआरची ईमेल आली: लग्न आता सर्वांना उपलब्ध असल्याने डोमेस्टिक पार्टनर कव्हरेज बंद करत आहोत, अमुक तारखेपर्यंत मॅरेज सर्टिफिकेट सादर करावं. अनेक कंपन्यांनी हेच केलं. आम्हाला लग्न करायचंच होतं, केलं. पण ज्यांच्या घरी भारतात अजून काही ठाऊक नव्हतं, त्यांना एका एचआरच्या ईमेलवरून सरकारी नोंद करावी लागली. लग्नाची नोंद बहुतेक ठिकाणी सार्वजनिक असते, हे लक्षात घ्या.

तेव्हा 'लग्न करून टाका' हे वाक्य मी दोन्ही बाजूंनी ऐकलंय. आधी करू देत नव्हते, मग करायलाच लावलं.

उपटसुंभ

टेकडीवरचा, हे माहीत नव्हतं. लायसन्सचा विनोद मागे घेतो. मुद्दा मात्र मागे घेत नाही: आज ज्यांना काही अडचण नाही त्यांनी हिशेब तरी करून बघावा.

खतावणी

हिशेब करायचाच तर दोन्ही बाजूंनी करा. दोघांचे पगार तगडे आणि जवळपास सारखे असतील तर लग्नाने कर वाढूही शकतो. एकाचं स्टुडंट लोन उत्पन्नाच्या प्रमाणात फेडायच्या योजनेत असेल तर एकत्र रिटर्न भरल्यावर हप्ता चढतो. दुसरीकडे एकजण बिनपगारी असेल तर एकत्र रिटर्नमध्ये चांगलीच बचत होते.

आणि ३१ डिसेंबरला लग्न केलं तरी त्या पूर्ण वर्षासाठी तुम्ही विवाहित धरले जाता, पण लग्नाच्या तारखेपर्यंत साचलेलं इम्प्युटेड इन्कम पुसलं जात नाही. लोकांना वाटतं तेही परत मिळेल. नाही मिळत.

निवृत्तराव

मी वयाने इथे बहुधा सर्वांत मोठा. पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली. आता एका मैत्रिणीबरोबर राहतो, तीही विधवा. मुलांना मान्य आहे. लग्न करायचं नाही असं दोघांनी ठरवलंय, कारण दोघांच्या इस्टेटी, दोघांची मुलं, गुंता नको. मी अजून नोकरी करतो आणि ती माझ्या कंपनीच्या इन्शुरन्सवर आहे.

ती ६५ ची व्हायच्या आधी आम्ही 'शिप'च्या केंद्रात गेलो. स्टेट हेल्थ इन्शुरन्स असिस्टन्स प्रोग्रॅम, मोफत सल्ला देतात. तिथल्या बाईंनी जे सांगितलं ते आमच्या एचआरने कधीच सांगितलं नव्हतं. नोकरी करणाऱ्याचा नवरा किंवा बायको ६५ ची झाली तर कंपनीचा इन्शुरन्स आहे तोवर मेडिकेअर पार्ट बी (६५ नंतरच्या सरकारी इन्शुरन्सचा डॉक्टरच्या खर्चाचा भाग) पुढे ढकलता येतं, दंड नाही. डोमेस्टिक पार्टनरला ही सवलत नाही. तिने ६५ लाच पार्ट बी घ्यायला हवं. नाही घेतलं तर उशिराच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १० टक्के दंड, आणि तो जन्मभर हप्त्यात राहतो. २०२६ चा पार्ट बीचा मूळ हप्ता महिना २०२.९० डॉलर आहे. दोन वर्षं उशीर म्हणजे दरमहा साधारण ४० डॉलर जास्त, कायमचे. शिवाय वर्षाच्या सुरुवातीच्या ठरावीक खिडकीतच नाव घालता येतं.

दुसरी बाजू त्याहून वाईट. ६५ नंतर पार्टनरसाठी मेडिकेअर पहिलं पैसे देणारं ठरतं आणि कंपनीचा प्लॅन दुसरा. पार्ट बी घेतलंच नाही, तर कंपनीचा प्लॅन म्हणू शकतो की मेडिकेअरचा वाटा आम्ही का भरू? हॉस्पिटलचं बिल आल्यावर हे कळण्यात अर्थ नाही.

आम्ही वेळेत पार्ट बी घेतलं. त्यानंतर कंपनीच्या प्लॅनवर तिला ठेवण्यात अर्थ आहे का, हा हिशेब दरवर्षी ऑक्टोबरात करतो.

कैरीचंलोणचं

काका, हे सोन्यासारखं आहे. माझ्या मावशीला आजच पाठवते.

एक उपप्रश्न: विधवा-विधुरांनी पुन्हा लग्न केलं तर सोशल सिक्युरिटीचे सर्व्हायव्हर पैसे बंद होतात ना?

निवृत्तराव

६० च्या आधी लग्न केलं तर सहसा बंद होतात. ६० नंतर केलं तर चालू राहतात. खाजगी पेन्शनचे नियम मात्र वेगळे असतात, ते त्या त्या कागदात बघावेत.

लिंबाचीफोड

कॅलिफोर्नियातून. आमच्याकडे १ जानेवारी २०२० पासून स्त्री-पुरुष जोड्यांनाही कुठल्याही सज्ञान वयात डोमेस्टिक पार्टनरशिप रजिस्टर करता येते. त्याआधी दोघांपैकी एकजण ६२ च्या वर लागायचा. (मधलीसुट्टी, तुमच्या वॉशिंग्टनमध्ये ती ६२ ची अट अजून आहे, त्यामुळे तुम्हाला सरकारी नोंदणी नाही, कंपनीचं ॲफिडेव्हिटच.) रजिस्टर केलेलं असलं तर कॅलिफोर्नियाचा राज्य कर या बेनिफिटवर लागत नाही, फेडरल लागतो. आणि राज्यात विकल्या जाणाऱ्या पॉलिसींना रजिस्टर्ड पार्टनरला स्पाउससारखंच वागवावं लागतं.

पण मोठ्या कंपन्या बऱ्याचदा सेल्फ-फंडेड असतात. म्हणजे कार्डावर नाव इन्शुरन्स कंपनीचं, पण क्लेमचे पैसे मालकाच्या खिशातून. अशा प्लॅनना फेडरल एरिसा कायदा लागतो आणि राज्याचा इन्शुरन्सचा कायदा तिथे पोचत नाही. मी एचआरशी राज्याच्या कायद्यावरून वाद घालत बसले होते, त्यांनी शांतपणे 'आमचा प्लॅन सेल्फ-फंडेड आहे' एवढंच लिहिलं. भांडण तिथेच संपलं.

आणि फक्त इन्शुरन्ससाठी रजिस्टर करणाऱ्यांनो, हे लायब्ररी कार्ड नाही. राज्याच्या लेखी जवळपास लग्नाचेच हक्क आणि जबाबदाऱ्या येतात. कम्युनिटी प्रॉपर्टी लागते, म्हणजे त्या काळातली कमाई दोघांची सामायिक. मोडायचं तर काही मर्यादित अपवाद सोडता कोर्टात जावं लागतं. शिवाय फेडरल रिटर्न एकत्र भरता येत नाही, पण कम्युनिटी इन्कम निम्मं-निम्मं दाखवायला फॉर्म ८९५८ भरावा लागतो. दरवर्षी एप्रिलमध्ये माझं डोकं उठतं.

शेवगा

एचएसएबद्दल (आरोग्यखर्चासाठीचं करमुक्त बचत खातं) कुणी लिहिलं नाही अजून. पार्टनरची बिलं माझ्या एचएसएमधून भरता येतात का? आणि एफएसए, म्हणजे कंपनीमार्फत असलेलं तसंच खातं, त्यातून?

खतावणी

टॅक्स डिपेंडंट नसेल तर दोन्हीतून नाही. भरलीत तर एचएसएमधल्या त्या रकमेवर कर आणि ६५ च्या आत असाल तर वर २० टक्के दंड. कार्ड एकच असतं, फार्मसीत सवयीने घासलं जातं, तेवढं जपा.

पण इथे एक उलटी मौज आहे. तुम्ही दोघं तुमच्या कंपनीच्या हाय डिडक्टिबल प्लॅनवर (इन्शुरन्स पैसे देऊ लागण्याआधी स्वतः भरायची रक्कम, म्हणजे डिडक्टिबल, मोठी असलेला) फॅमिली कव्हरेजमध्ये असाल, तर पार्टनर स्वतःचं वेगळं एचएसए उघडू शकतो, त्याला दुसरं कव्हरेज नसेल आणि तो कुणाचा डिपेंडंट नसेल तर. नवरा-बायकोला मिळून एकच फॅमिली मर्यादा असते, २०२६ साठी ८,७५० डॉलर. पार्टनरांना प्रत्येकी ८,७५०! आयआरएस ज्यांना कुटुंब मानत नाही त्यांना दुप्पट देतं. इम्प्युटेड इन्कमचा काही भाग इथे वसूल होऊ शकतो, अर्थात पार्टनरकडे उत्पन्न आणि भरायला पैसे असतील तर.

शेवगा

हे भन्नाट आहे.

आता माझा अनुभव. माझी जोडीदार पीएचडी संपवून काही महिने बिनकामाची होती. मी तिला माझ्या प्लॅनवर घेणारच होतो, पण आधी मार्केटप्लेसवर, म्हणजे स्वतःचा इन्शुरन्स घ्यायच्या सरकारी साइटवर, बघितलं. लग्न झालेलं नसल्याने त्यांच्या हिशेबात तिचं कुटुंब वेगळं, उत्पन्न तिचं एकटीचं. माझा पगार त्यात मोजलाच नाही. माझ्या कंपनीच्या प्लॅनवर तिला जागा होती, तरी ती त्यात प्रत्यक्ष नाव घालत नाही तोवर तिची सबसिडी अडत नाही. बायको असती आणि कंपनीचा फॅमिली प्लॅन नियमाप्रमाणे परवडणारा ठरला असता, तर अडली असती. आमच्या राज्यात मेडिकेडचा (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी इन्शुरन्स) विस्तार झालेला आहे, ती त्यातच बसली. हप्ता शून्य.

मधलीसुट्टी, तुमच्याकडे त्याला ॲपल हेल्थ म्हणतात. एकट्या माणसाचं महिन्याचं उत्पन्न साधारण १,८०० डॉलरच्या आत लागतं.

अर्धाचहा

शेवगा यांचा मुद्दा महत्त्वाचा आहे, पण दोन गोष्टी. अनएम्प्लॉयमेंटचे पैसे उत्पन्नात धरतात, आणि सिॲटलमधला चांगला पगार सुटला असेल तर ते पैसेच ही मर्यादा ओलांडतात. आणि ग्रीन कार्ड मिळून पाच वर्षं झाली नसतील किंवा व्हिसावर असाल तर मेडिकेडचे नियम वेगळे, आधी नीट चौकशी करा.

मधलीसुट्टी

तो अमेरिकन नागरिक आहे, अनएम्प्लॉयमेंट सुरू झालंय. म्हणजे सध्या ॲपल हेल्थ नाही. पैसे संपेपर्यंत नोकरी लागली नाही तर बघू.

काल बसून आमचे खरे आकडे टाकले. कंपनीचा वाटा खतावणींच्या उदाहरणापेक्षा जास्त निघाला, म्हणून करही जास्त. तरी कोब्राच्या निम्म्याच्या आसपास पडतंय. शिवाय तो दर महिन्याला एक इंजेक्शन घेतो, ते माझ्या प्लॅनच्या औषधांच्या यादीत आहे, मार्केटप्लेसवरच्या ज्या प्लॅन बघितल्या त्यातल्या स्वस्तात नाही. ग्रॉस-अप विचारलं. उत्तर: 'ते काय असतं?'

वाचनमात्र_होते

कुणी विचारलं नाही म्हणून लिहिते. नातं तुटलं तर?

आमचं तुटलं. मी त्याच्या प्लॅनवर होते. त्याने एचआरकडे एक पानी 'टर्मिनेशन ऑफ डोमेस्टिक पार्टनरशिप' भरलं आणि महिनाअखेरीस माझं कव्हरेज गेलं. माझी सही लागली नाही. घटस्फोट झालेल्या बायकोला फेडरल कायद्याने ३६ महिन्यांपर्यंत कोब्राचा हक्क असतो. पार्टनरला स्वतःचा असा हक्क नाही. काही कंपन्या आपणहून कोब्रासारखं देतात, ही देत नव्हती. कव्हरेज गेल्यावर मार्केटप्लेसची ६० दिवसांची खिडकी उघडते, तिथून मी घेतलं. दरम्यान माझी फिजिओथेरपी चालू होती, डॉक्टर बदलावा लागला, डिडक्टिबल पुन्हा शून्यापासून.

प्लॅनवर जाणाऱ्या माणसाने एवढं करावं: कार्डाची आणि पोर्टलची माहिती स्वतःकडे ठेवावी, स्वतःच्या ईमेलवर पत्रं येतील असं बघावं. मला कव्हरेज गेल्याचं फार्मसीच्या काउंटरवर कळलं.

टेकडीवरचा

वाईट वाटलं वाचून. यात भर: तोडल्यावर नवीन पार्टनरला घालायला बहुतेक कंपन्या ६ किंवा १२ महिने थांबायला लावतात. लग्नात ही अट नसते, आज घटस्फोट झाला तर उद्या दुसरी बायको प्लॅनवर.

उपटसुंभ

टेकडीवरचा, हे वाक्य माझ्या सासऱ्यांना दाखवू नका.

दोनवाट्या

मी फेडरल सरकारी नोकरीत आहे. आमच्याकडे पार्टनरला घेता येतं का?

अर्धाचहा

नाही. फेडरल कर्मचाऱ्यांच्या एफईएचबीमध्ये स्पाउस आणि मुलं, बस. आणि सरकारी-खाजगी सगळ्यांसाठी: आजारी पार्टनरच्या सेवेसाठी फेडरल एफएमएलए रजाही मिळत नाही, ती नवरा-बायको, मुलं, आईवडील यांच्यासाठी. काही राज्यांचे स्वतःचे रजेचे कायदे उदार आहेत, ते वेगळे बघा.

मधलीसुट्टी

अपडेट. ॲफिडेव्हिट, लीज आणि मागच्या वर्षीचं बँक स्टेटमेंट अपलोड केलं. एचआरने एकदा परत पाठवलं, कारण लीजवर त्याचं मधलं नाव आहे आणि ड्रायव्हिंग लायसन्सवर नाही. दुसऱ्यांदा मंजूर. त्याचं जुनं कव्हरेज संपलं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून लागू, मध्ये खंड नाही. कोब्राचं पत्र तरीही ६० दिवस होईपर्यंत फाडणार नाही.

पोर्टलवर त्याचा ईमेल वेगळा घातला (वाचनमात्र_होते, धन्यवाद). जानेवारीत टॅक्स डिपेंडंटची चौकट टिक करायची का ते खतावणींना व्यनि (खाजगी निरोप) करून छळणार आहे.

खतावणी

छळा. पण त्याला नोकरी लागली तर आधी ते कळवा.

कैरीचंलोणचं

एक राहिलं. पार्टनरला आधीच्या लग्नातलं मूल असेल तर ते प्लॅनवर येतं का?

अर्धाचहा

पार्टनर प्लॅनवर असेल तर बहुतेक कंपन्या त्याच्या मुलालाही घेतात, काही ठिकाणी पार्टनर नसतानाही. समरी प्लॅन डिस्क्रिप्शनमध्ये 'चाइल्ड'ची व्याख्या बघा. तुम्ही दत्तक घेतलेलं नसेल आणि ते तुमचं टॅक्स डिपेंडंट नसेल तर त्याच्या वाट्यावरही इम्प्युटेड इन्कम लागतं. जन्मदाखला आणि मूल पार्टनरकडे राहतं याचा कोर्टाचा कागद तयार ठेवा, तेवढंच मागतात.